ऑनलाइन सामाजिक प्रयोगांतून सामूहिक वर्तनाचा अभ्यास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समाजशास्त्र आणि संगणकशास्त्र यांच्या सीमेवर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वाढलेल्या या अभ्यासपद्धतीविषयी विद्यार्थी, शिक्षक, पत्रकार आणि प्रयोगांत भाग घेणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे बरीच मोठी आहेत, कारण त्या प्रश्नांना दोन ओळींत उत्तर दिले तर वाचकाची दिशाभूल होते.

‘सामूहिक वर्तन’ म्हणजे नेमके काय?

२१ सप्टेंबर १९९५ हा दिवस ज्यांना आठवतो, त्यांना हे फारसे समजावून सांगावे लागत नाही. त्या दिवशी दिल्लीच्या एका देवळात गणपतीची मूर्ती चमच्यातले दूध पिते अशी वार्ता निघाली. सामान्य माणसाच्या हाती मोबाइलही नव्हता, तरीही केवळ टेलिफोनवरून आणि कानोकानी ती काही तासांत देशभर आणि परदेशांतील भारतीयांपर्यंत पोहोचली, आणि गावोगावच्या देवळांसमोर दुधाची भांडी घेतलेल्या लोकांच्या रांगा लागल्या. चमचा मूर्तीला टेकवला की पृष्ठताणामुळे दूध ओढले जाते आणि मूर्तीवरून पातळ थराने ओघळते, हे शास्त्रज्ञांनी लगोलग दाखवून दिले. समूहाच्या अभ्यासकाला मात्र कुतूहल असते ते त्या रांगेचे. रांगेतल्या कित्येकांनी हीच बातमी एकट्याने, घरी बसून ऐकली असती तर कदाचित सोडून दिली असती. पण पुढचा उभा आहे म्हणून मागचा उभा राहिला, आणि त्याला पाहून त्याच्याही मागचा.

एकमेकांना पाहून, ऐकून आणि एकमेकांचा अंदाज घेऊन जे वर्तन आकाराला येते, आणि जे कोणा एकाच्या मनात डोकावून उलगडत नाही, त्याला सामूहिक वर्तन म्हणतात. एखादे गाणे अचानक सगळीकडे वाजू लागणे, शेअर बाजारातील घबराट, नव्या शब्दाचे भाषेत रुळणे, अफवेचे लोण पसरणे, निवडणुकीत एखाद्या बाजूची ‘हवा’ तयार होणे, हे सगळे त्यात येते.

जे घडून गेले त्याचा बारकाईने अभ्यास केला तर पुरेसे नाही का? प्रयोग कशाला हवा?

घडून गेलेल्या घटनांतून पुष्कळ काही समजते, पण दोन ठिकाणी हात टेकावे लागतात.

पहिली अडचण अशी की घटना एकदाच घडते. एखादे गाणे गाजले की त्याच्या यशाची कारणे सांगणारे शंभर जण पुढे येतात, परंतु तेच गाणे, तेच श्रोते आणि तोच काळ पुन्हा एकदा मांडून, या वेळी कोणालाही दुसऱ्याची आवड कळू न देता काय होते, हे पाहण्याची सोय इतिहासात नाही. दुसरी अडचण आपल्या एका सुभाषितातच सांगून ठेवलेली आहे: समानशीलव्यसनेषु सख्यम्. ज्यांची आवड आणि सवयी सारख्या, त्यांचीच मैत्री होते. त्यामुळे दोन मित्र एकच वस्तू विकत घेतात तेव्हा एकाने दुसऱ्याला पटवले, की दोघांची आवड मुळातच एक होती, हे नुसत्या नोंदी पाहून ठरवणे फार कठीण जाते. कोणाला काय दिसावे हे चिठ्ठी टाकून, म्हणजेच यादृच्छिक पद्धतीने, ठरवले तरच ही गुंतागुंत सुटते. प्रयोग करायचा तो याचसाठी.

मग प्रयोगशाळेत करता येत नाही का? ऑनलाइनच का?

प्रयोगशाळेत केलेले काम मोलाचे आहे. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५०च्या दशकात सात-आठ जणांच्या गटात बसवलेला माणूस, डोळ्यांना स्पष्ट दिसणारी रेषेची लांबीही इतरांच्या एकमुखी चुकीच्या उत्तरापुढे अनेकदा चुकीची सांगतो, हे दाखवले आणि त्याचा दाखला आजही दिला जातो. परंतु खोलीत माणसे किती बसणार याला सीमा आहे. येथे एक बारकी पण कळीची गोष्ट लक्षात घ्यावी लागते. व्यक्तीचा अभ्यास करताना शंभर माणसे म्हणजे शंभर नोंदी असतात, पण समूहाचा अभ्यास करताना शंभर माणसांचा एक समूह म्हणजे एकच नोंद असते, कारण त्यातल्या प्रत्येकाचे वागणे दुसऱ्यात गुंतलेले असते. दहा समूहांची तुलना करायची तर हजार माणसे लागतात, आणि त्यांतील कोणाला कोण दिसेल यावर पूर्ण ताबा लागतो. या दोन्ही गोष्टी वेबवर शक्य झाल्या. सहभागी आपापल्या घरून येतो, कोणत्या समूहात जायचे हे संगणक चिठ्ठी टाकून ठरवतो, आणि त्याला इतरांचे किती दिसावे हे प्रयोगकर्ता आखून देऊ शकतो.

एखादा प्रयोग सुरुवातीपासून शेवटपर्यंत समजावून सांगता येईल का?

सांगतो, आणि त्यासाठी मी नेहमी एकच प्रयोग निवडतो, कारण या क्षेत्राची सारी पद्धत त्यात एकवटली आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी तो केला आणि २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

समजा, तुम्ही तेव्हाच्या एका संकेतस्थळावर आला आहात. पडद्यावर ४८ गाण्यांची नावे आहेत, आणि ती गाणारे बँड तुम्ही कधीच ऐकलेले नाहीत. नावावर टिचकी मारली की गाणे वाजते. ते ऐकून झाले की एक ते पाच तारे द्यायचे, आणि मग आवडले असेल तर ते फुकट उतरवून घ्यायचे, नसेल तर पुढे जायचे. तुमच्या दृष्टीने एवढेच घडते. जे तुम्हाला दिसत नाही ते असे की आत शिरतानाच तुमची चिठ्ठी पडलेली आहे. काही जणांच्या पडद्यावर फक्त गाण्याचे आणि बँडचे नाव आहे. इतरांच्या पडद्यावर त्या नावाशेजारी एक आकडाही आहे: हे गाणे आतापर्यंत किती जणांनी उतरवले. आणि हा आकडा पाहणाऱ्यांचीही आठ स्वतंत्र ‘जगे’ केलेली आहेत. प्रत्येक जग शून्यापासून सुरू झाले, आणि तुम्हाला दिसणारा आकडा फक्त तुमच्या जगातल्या लोकांचा आहे; शेजारच्या जगात काय चालले आहे याचा तेथे मागमूसही नाही.

एकूण १४,३४१ जणांनी भाग घेतला. ज्यांना आकडा दिसत नव्हता त्यांची पसंती म्हणजे गाण्याच्या स्वतःच्या गुणाचे माप, असे संशोधकांनी धरले. आता, आठही जगांत गाणी तीच होती आणि श्रोतेही चिठ्ठीने वाटलेले, म्हणजे सरासरीने सारखेच होते. तरीही आठ जगांत आठ वेगवेगळ्या क्रमवाऱ्या लागल्या. गुणाच्या मापाने मधोमध, २६व्या क्रमांकावर असलेले एक गाणे एका जगात पहिले आले आणि दुसऱ्या जगात ४०वे. शिवाय आकडा दिसत असलेल्या जगांत लोकप्रिय गाणी आणखी लोकप्रिय झाली आणि मागे पडलेली आणखी मागे पडली. प्रयोगाच्या दुसऱ्या फेरीत गाणी जाळीसारखी न मांडता लोकप्रियतेच्या उतरत्या क्रमाने एका रांगेत मांडली, तेव्हा ही विषमताही वाढली आणि कोणते गाणे वर येईल याची अनिश्चितताही वाढली.

याचा अर्थ गुणाला काही किंमत नाही, असा मात्र कोणी काढू नये. सर्वांत चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि सर्वांत वाईट गाणी सहसा वर आली नाहीत. मधल्या सगळ्यांचे मात्र काहीही होऊ शकत होते, आणि जगातली बहुतेक गाणी, पुस्तके आणि माणसे मधलीच असतात, म्हणून मला हा निष्कर्ष इतका महत्त्वाचा वाटतो. पुढे २००८ साली साल्गानिक आणि वॉट्स यांनी आकडेच उलटे करून दाखवले, म्हणजे सर्वांत नावडत्या गाण्यापुढे सर्वांत मोठा आकडा लावला. त्या खोट्या लोकप्रियतेच्या जोरावर कित्येक गाणी खरोखर लोकप्रिय झाली. सर्वोत्तम गाणी मात्र हळूहळू आपली जागा परत मिळवू लागली, आणि खोट्या क्रमवारीच्या जगांत एकूण डाउनलोड कमी झाले.

जगातली कोणतीही दोन माणसे सहा ओळखींच्या अंतरावर आहेत, हे खरे का?

ही कल्पना मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या १९६०च्या दशकातील टपालाच्या प्रयोगावरून रूढ झाली. अमेरिकेतील नेब्रास्का आणि बॉस्टन येथील लोकांनी बॉस्टनमध्ये काम करणाऱ्या एका शेअर दलालापर्यंत, फक्त स्वतःच्या ओळखीच्या माणसामार्फत, एक पाकीट पोहोचवायचे होते. २९६ जणांपासून सुरुवात झाली आणि ६४ पाकिटे पोहोचली. मधल्या माणसांची सरासरी सुमारे पाच होती.

डॉड्स, रॉबी मुहम्मद आणि वॉट्स यांनी तोच प्रयोग ईमेलवर केला, तो २००३ साली प्रसिद्ध झाला. या वेळी १३ देशांतील १८ लक्ष्ये होती; नॉर्वेच्या सैन्यातील एक पशुवैद्य, ऑस्ट्रेलियातील एक पोलीस आणि भारतातील एक तंत्रज्ञान सल्लागार त्यांत होते. २४,१६३ साखळ्या सुरू झाल्या आणि फक्त ३८४ पूर्ण झाल्या. तुटलेल्या साखळ्यांचा हिशेब धरून संशोधकांनी अंतराचा अंदाज पाच ते सात टप्प्यांचा काढला, म्हणजे जुना आकडा ढोबळ मानाने टिकला. मला यातला दुसरा धडा अधिक मोलाचा वाटतो. साखळ्या तुटल्या त्या बहुतांशी रस्ता सापडला नाही म्हणून नव्हे, तर पुढे पाठवण्याची कोणाला तितकी आस्था नव्हती म्हणून. ओळखीची वाट असणे आणि त्या वाटेने कोणीतरी चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चांगली सवय अफवेसारखीच पसरते का?

समाजशास्त्रज्ञ डेमन सेंटोला यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. १,५२८ जणांना त्यांनी आरोग्यविषयक एका ऑनलाइन समुदायात चिठ्ठीने जागा दिल्या. काही समुदायांत प्रत्येकाचे शेजारी एकमेकांचेही शेजारी होते, जसे जुन्या वाड्यात किंवा चाळीत असतात. उरलेल्यांत जोडण्या दूरवर विखुरलेल्या होत्या. मग एका आरोग्यविषयक सुविधेत नाव नोंदवण्याचे आमंत्रण एका माणसापासून सोडले, आणि कोणी नाव नोंदवले की त्याच्या शेजाऱ्यांना तसा निरोप जाई. विखुरलेल्या जाळ्यात बातमी झपाट्याने जाते, असे पूर्वी मानले जाई. येथे घडले ते उलटे: दाट शेजाराच्या जाळ्यात सुमारे ५४ टक्के लोकांनी नाव नोंदवले, विखुरलेल्या जाळ्यात सुमारे ३८ टक्क्यांनी, आणि पसरण्याचा वेगही दाट जाळ्यातच जास्त होता. ज्या गोष्टीसाठी काही कष्ट घ्यावे लागतात ती एकाने सांगून होत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या शेजाऱ्याकडूनही तोच निरोप यावा लागतो.

त्यांच्याच २०१८च्या प्रयोगात एका अनोळखी चेहऱ्याला काय नाव द्यायचे यावर समूहाचे एकमत होऊ दिले, आणि मग ते एकमत बदलण्याचा निर्धार केलेली काही माणसे आत सोडली. त्यांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांपर्यंत पोहोचले की समूह नव्या नावाकडे वळू लागला. त्याखाली त्यांचे प्रयत्न वाया गेले. हा २५चा आकडा भाषणांतून फार सैलपणे वापरला जातो, म्हणून सावध करतो. तो १९४ जणांच्या दहा समूहांतून आलेला आहे आणि तेथे त्या नावावर कोणाचाही जीव जडलेला नव्हता. हुंडा किंवा जातीबाहेरचे लग्न अशा, पिढ्यान्‌पिढ्यांच्या हितसंबंधांत रुतलेल्या रूढींना तो जसाच्या तसा लावता येत नाही.

अशा प्रयोगांतले परिणाम फार छोटे असतात असे ऐकतो. मग त्यांना अर्थ काय?

२ नोव्हेंबर २०१०, अमेरिकेतील काँग्रेसच्या निवडणुकीचा दिवस. त्या दिवशी फेसबुकवर झालेल्या एका प्रयोगात सुमारे ६ कोटी १० लाख प्रौढ वापरकर्ते होते. बहुसंख्य लोकांना मतदानाचे आवाहन, ‘मी मत दिले’ असे बटण आणि मत दिल्याचे सांगणाऱ्या सहा मित्रांपर्यंतचे चेहरे दिसले. सुमारे सहा लाखांना चेहऱ्यांशिवाय तेच आवाहन दिसले. आणखी सुमारे सहा लाखांना काहीच दिसले नाही. नंतर मतदानाच्या सार्वजनिक नोंदी ताडून पाहिल्या. नुसत्या आवाहनाचा प्रत्यक्ष मतदानावर काही परिणाम आढळला नाही. चेहऱ्यांसह आवाहन पाहिलेल्यांचे मतदान काहीच न पाहिलेल्यांपेक्षा ०.३९ टक्क्यांनी जास्त होते.

हा आकडा नगण्य वाटतो. पण संशोधकांच्या अंदाजानुसार त्यातून सुमारे ६० हजार मते थेट, आणि त्यांच्या मित्रांपर्यंत पोहोचून आणखी सुमारे २ लाख ८० हजार मते वाढली. एका माणसाच्या बाबतीत जो धक्का जाणवतही नाही, तो कोट्यवधींना एकाच वेळी लागला तर निकालाचे पारडे फिरू शकते. याच कारणाने, असा धक्का कोण देऊ शकतो, हा प्रश्न शास्त्रापुरता राहत नाही.

यूट्यूबवरचे ‘सोशल एक्सपेरिमेंट’ हे याच प्रकारचे असतात का?

नाही. रस्त्यावर बनाव रचून लोकांची प्रतिक्रिया चित्रित करणे हा प्रयोग नव्हे, कारण त्यात तुलनेचा गट नसतो, चिठ्ठी नसते, आणि कोणते चित्रीकरण ठेवायचे व कोणते कापायचे हे करणाऱ्याच्या मर्जीवर असते. एप्रिल २०१७ मध्ये रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळाने ७२ तास खुला ठेवलेला ‘प्लेस’ हा फलक वेगळ्या प्रकारचा होता. हजार गुणिले हजार चौकटींच्या त्या फलकावर प्रत्येकाला एका वेळी एकच रंगीत ठिपका लावता येई आणि मग काही मिनिटे थांबावे लागे. दहा लाखांहून अधिक लोकांनी सुमारे १ कोटी ६० लाख ठिपके लावून त्यावर झेंडे, चित्रे आणि सरहद्दी उभ्या केल्या. समूह कसे जमतात हे पाहायला तो खजिनाच आहे, परंतु तोही एकदाच घडलेला असल्यामुळे त्याला निरीक्षणच म्हणावे लागते.

अफवांवर असे प्रयोग करता येतात का?

या प्रश्नाचे उत्तर देताना महाराष्ट्रातल्या माणसाला राईनपाडा आठवल्याशिवाय राहत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या या गावात, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढा भागातून भिक्षेसाठी आलेले लोक होते. त्या महिन्यांत देशात इतर ठिकाणीही अशाच अफवांतून माणसे मारली गेली, आणि त्याच जुलैमध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी जास्तीत जास्त पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

त्या मर्यादेने किती जीव वाचले, हे कोणालाही नेमके सांगता येणार नाही, कारण ती चिठ्ठी टाकून काही भागांत घातलेली नव्हती. सगळीकडे एकदमच लागू झाली. आणि खरी, भीती निर्माण करणारी अफवा मुद्दाम सोडून ती कुठवर जाते हे पाहणे तर कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय नाही. म्हणून संशोधक उलट बाजूने जातात: खोटेपणा ओळखायला शिकवल्याने काय फरक पडतो ते तपासतात. ॲन्ड्र्यू गेस आणि सहकाऱ्यांचा २०२० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग अमेरिकेत आणि भारतात झाला. खोटी बातमी ओळखण्याच्या सोप्या सूचना वाचल्यावर खरे आणि खोटे मथळे वेगळे काढण्याची क्षमता अमेरिकेत २६.५ टक्क्यांनी, तर भारतातील सुशिक्षित, ऑनलाइन वाचकांत १७.५ टक्क्यांनी सुधारली. उत्तर भारतातील ग्रामीण नमुन्यात मात्र काहीच फरक आढळला नाही. राईनपाड्यासारख्या गावांची काळजी असणाऱ्याने या शेवटच्या वाक्यापाशी थांबावे. ऑनलाइन लोकांवर जे लागू पडले ते तेथे लागू पडले नाही, आणि गरज सर्वांत जास्त होती ती तेथेच.

लोकांना न सांगता प्रयोग करणे योग्य आहे का?

जानेवारी २०१२ मध्ये एक आठवडा फेसबुकने ६,८९,००३ वापरकर्त्यांच्या पानावर दिसणाऱ्या मजकुरात फेरफार केला. काहींना आनंदी सुराच्या नोंदी कमी दाखवल्या, काहींना दुःखी सुराच्या, आणि मग ते स्वतः कोणते शब्द लिहितात हे मोजले. आनंदी नोंदी कमी दिसलेल्यांनी स्वतःही किंचित कमी आनंदी शब्द लिहिले. फरक हजार शब्दांमागे जेमतेम एखाद्या शब्दाचा होता. जून २०१४ मध्ये हा लेख प्रसिद्ध झाला तेव्हा मोठा गदारोळ उठला, आणि जुलैमध्ये तो छापणाऱ्या नियतकालिकाने, सहभागींची माहितीपूर्ण संमती आणि बाहेर पडण्याची मुभा याबाबत संपादकीय चिंता जाहीर केली. संकेतस्थळाच्या अटी मान्य करताना दिलेला होकार हीच संमती, असे कंपनीने धरले होते.

बचावाच्या बाजूने असे म्हटले जाते की परिणाम अगदी सूक्ष्म होता आणि कंपन्या असे फेरफार रोजच करतात. पहिले खरे आहे, पण परिणाम सूक्ष्म निघेल हे आधी माहीत असते तर प्रयोग करण्याची गरजच नव्हती. दुसऱ्याबद्दल आपल्याकडे म्हण आहे: एकाने गाय मारली म्हणून दुसऱ्याने वासरू मारू नये. माझे मत स्पष्ट आहे. जेथे आधी सगळे सांगितले तर प्रयोगच निरर्थक होतो, तेथे तीन गोष्टी झाल्याच पाहिजेत. बाहेरच्या, हितसंबंध नसलेल्या नैतिकता समितीने आधी मंजुरी द्यावी. सहभागी होत आहोत एवढे तरी माणसाला माहीत असावे. आणि शेवटी त्याला खरे काय ते सांगून, स्वतःची नोंद काढून टाकण्याचा हक्क द्यावा. गाण्यांच्या प्रयोगात लोक आपणहून, हे संशोधन आहे हे वाचून आले होते. समूहाची फेरमांडणी करण्याची ताकद ज्याच्या हाती आहे, त्याने समूहाला विचारले पाहिजे.

भारतात यासाठी कोणते नियम आहेत?

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला. त्यात संमती हा मुख्य आधार आहे, १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते, आणि संशोधनासाठी काही सवलत असली तरी ती ठरावीक निकष पाळले आणि त्या डेटावरून विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेतला जात नसेल तरच मिळते. आरोग्याशी संबंधित प्रयोगांना भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे लागू होतात. सामाजिक विषयाचा प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्याने प्रथम आपल्या संस्थेच्या नैतिकता समितीकडे जावे. समिती नसेल तर ज्या संस्थेत ती आहे तेथील मार्गदर्शक शोधावा.

ऑनलाइन येणारे लोक म्हणजे समाज नव्हे. मग निष्कर्ष कितपत धरायचे?

शितावरून भाताची परीक्षा करतात, पण भात सारखा शिजला असेल तरच ती खरी ठरते. गाण्यांच्या प्रयोगातले बहुतेक सहभागी किशोरवयीनांसाठीच्या एका संकेतस्थळावरून आले होते. २००५ साली सुरू झालेल्या ॲमेझॉनच्या मेकॅनिकल टर्क या मंचावर पैसे घेऊन काम करणारे लोक प्रामुख्याने अमेरिकेतील आणि त्याखालोखाल भारतातील आहेत, पण त्या भारतीयांतही इंग्रजी वाचणारे, संगणक असलेलेच येतात. स्वयंचलित गाडीने अपघातात कोणाला वाचवावे हे विचारणाऱ्या ‘मॉरल मशीन’ने २३३ देश आणि प्रदेशांतून सुमारे ४ कोटी निर्णय गोळा केले, तरीही तो आकडा जगाचे मत ठरत नाही, कारण आले ते स्वतःहून आलेले लोक.

तरी तुलना आणि मोजणी यांत फरक करावा. ‘महाराष्ट्रातले किती टक्के लोक असे वागतात’ हे ऑनलाइन प्रयोग सांगू शकत नाही. ‘आकडा दिसल्याने वागणे बदलते का’ हे तो चांगल्या रीतीने सांगू शकतो, कारण दोन्ही गट एकाच नमुन्यातून चिठ्ठीने पाडलेले असतात.

प्रयोगात बॉट असतात का?

काही वेळा संशोधकच बॉट, म्हणजे माणसासारखा भाग घेणारे संगणकी कार्यक्रम, ठेवतात. हिरोकाझू शिराडो आणि निकोलस क्रिस्ताकिस यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वीस-वीसच्या जाळ्यांत माणसांनी असे रंग निवडायचे होते की जोडलेल्या कोणत्याही दोघांचा रंग एक नसावा, आणि प्रत्येकाला फक्त आपल्या जोडीदारांचे रंग दिसत. सुमारे ४,००० जणांनी २३० समूहांत हे केले. काही जाळ्यांत तीन जागी बॉट बसवले. दहापैकी एखादी चाल स्वैर खेळणारे बॉट जाळ्याच्या मध्यभागी बसवले, तेव्हा कोडे सुटण्याचा मध्यक वेळ ५५.६ टक्क्यांनी घटला. माणसे आपापल्या परीने ‘बरोबर’ खेळत असताना समूह अडून बसतो, आणि थोडीशी चूक ती गाठ सोडवते. नको असलेले बॉट आणि यंत्राकडून उत्तरे लिहून घेणारे सहभागी ही मात्र वाढती डोकेदुखी आहे.

मला भाग घ्यायचा आहे. काय पाहावे?

संशोधन कोणती संस्था करते आहे, नैतिकता समितीची मंजुरी आहे का, कोणती माहिती साठवली जाईल, मोबदला किती आणि केव्हा मिळेल, आणि मधेच सोडून जाता येते का, हे पहिल्याच पानावर लिहिलेले असावे. आधार क्रमांक, ओटीपी किंवा बँकेचा पासवर्ड कोणत्याही खऱ्या प्रयोगाला लागत नाही. तो मागितला तर तेथून लगेच बाहेर पडावे. आणि समूहाचा खेळ सुरू झाल्यावर जाणे भाग पडले तर जावेच, पण विनाकारण टॅब बंद करू नये, कारण तुमच्या जागी रिकामी चौकट पाहत आणखी एकोणीस जण थांबलेले असतात.

असे प्रयोग मराठीत करता येतील का?

येतील, आणि व्हायला हवेत, कारण सूचना ज्या भाषेत वाचायच्या त्या भाषेची माणसेच आत येतात. सोपे मात्र नाही. रंगांच्या खेळाची मराठी आवृत्ती आम्ही एका संगणक कक्षात पहिल्यांदा तपासली, तेव्हा सूचनेत मी लिहिले होते: ‘तुमच्या शेजाऱ्यापेक्षा वेगळा रंग निवडा.’ जाळ्यातल्या जोडीदाराला शास्त्राच्या पुस्तकांत शेजारीच म्हणतात, म्हणून मला त्यात काही वावगे वाटले नाही. खेळ सुरू होताच दुसऱ्या रांगेतल्या मुलीने मान वळवून डावीकडच्या संगणकावर बसलेल्या मैत्रिणीचा पडदा पाहिला, आणि तिला म्हणाली, ‘अगं, तू निळा घेतलास ना? मग मी लाल घेते.’ क्षणात सगळी खोली एकमेकांचे पडदे पाहू लागली, आणि त्या दिवशीच्या सगळ्या नोंदी टाकून द्याव्या लागल्या. आता त्या सूचनेत ‘तुमच्या पडद्यावर रेषेने जोडलेली वर्तुळे’ असे लिहिलेले आहे, आणि दोन संगणकांच्या मधे पुठ्ठा उभा केलेला असतो.